मास्तरांना मी नको म्हणालो

माझं शिक्षण किती असं कोणी विचारलं, की मी सांगतो, शाळेच्या कुंपणापर्यंत. आत गुरं शिरली की हाकलायला जायचो, तेवढंच. त्यामुळं मी उडायला लागलो असं गावात कळलं, तेव्हा लोक घरी आले ते माझ्या बायकोला धीर द्यायला.

उडायचं म्हणजे विमानात बसून न्हाय. पाठीवर इंजिनचा पंखा बांधायचा, पिंजऱ्यातला, कूलरला असतो तसा, पण जीव घेण्याइतका जड. मागं जमिनीवर कापडाची लांबट छत्री अंथरायची, तिच्या दोऱ्या खांद्याजवळ अडकवायच्या. मग वाऱ्याच्या तोंडावर शर्यतीच्या बैलासारखं धावायचं. छत्री डोक्यावर उभी राहिली आणि मागून पंख्यानं रेटलं, की एका जागी पाय टाकायला जमीनच नसते. मग बसायचं. बुडाखाली झोपाळ्यासारखी फळी असते. माझं बूड तिला शोधत बसायचं आणि तोवर आमचं अर्धं अंजूर गाव खालून निघून जायचं.

हे येड आमच्या शेतात आणलं डॉक्टरनं. भिवंडीत त्याचा लहान पोरांचा दवाखाना. त्याला विजेच्या तारा नसलेली मोकळी जागा पाहिजे होती. आमची अर्धी जमीन गोदामाला गेलेली, अर्धी राहिलेली. भात कापलं की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ती रिकामी, आणि मीही रिकामा. आमच्याकडं जमीन विकली की शेतकऱ्याचा शेठ होतो. शेठला काम काय, तर पांढरे बूट घालून बांधावर बसायचं. मी बसून डॉक्टरला हसायचो. एक रविवार हसलो, दोन रविवार हसलो, तिसऱ्या रविवारी म्हणालो, "डॉक्टर, जागा माझी हाय, मग एक चक्कर पण माझी."

तो म्हणाला, "शेठ, आधी वजन बघू." तो लहान पोरांचा डॉक्टर, सगळ्यांना आधी वजनच करायला लावतो.

मला शिकायला सगळ्यांच्या दुप्पट वेळ लागला. पहिल्यांदा धावलो, तर छत्री माझ्या पुढं गेली आणि मी पंखा घेऊन तोंडावर पडलो. आमची म्हैस शेजारीच बांधलेली. तिनं त्या दिवशी दूध दिलं न्हाय.

आम्ही चौघं होतो. डॉक्टर, मी, चाचा आणि मास्तर. चाचा म्हणजे भिवंडीतला लूमवाला, दाढी मेंदी लावलेली, पोट पुढं. तो पहिल्यांदा आला तो छत्रीचं कापड बघायला. दोन बोटांत धरलं, चोळलं, म्हणाला, "कपडा तो माशाल्ला है." मग दर रविवारी यायला लागला, कापड बघायला म्हणून, आणि वर्षाच्या आत त्या कापडाखाली लटकायला लागला. येताना खिमा-पाव घेऊन यायचा. त्याच्या खिमा-पावासाठी मी उडायचो असं माझी बायको म्हणते. ती कधीच खोटं बोलत न्हाय.

मास्तर नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. बारीक अंगाचे, शर्ट कायम इन केलेला. त्यांनी स्वतःची छत्री घेतली होती, निळी, आणि दोन हिवाळे ती फक्त जमिनीवर उभी केली होती. उडाले न्हाईत. धावायचे, छत्री डोक्यावर आणायचे, डावीकडं झुकवायचे, उजवीकडं झुकवायचे, आणि परत खाली निजवायचे. आमच्यात छत्री त्यांच्याएवढं कोणाचंच ऐकायची न्हाय. पण बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, सांगून ठेवलं होतं, मुलीचं लग्न होईपर्यंत पाय जमिनीवर पाहिजेत. आणि मास्तर बाईंना दिलेला शब्द मोडायचे न्हाईत. मी विचारलं होतं, "मास्तर, बाईंना काय कळतंय इथं?" ते म्हणाले, "तिला नाही कळणार रे. मला कळेल ना."

त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर मुलीचं लग्न झालं. पण तो मास्तरांच्या नोकरीचाही शेवटचा हिवाळा होता. शिमग्यानंतर ते भिवंडीचं घर सोडून कोकणात त्यांच्या गावाला जाणार होते, कायमचे. तिथं डोंगर, माड, विजेच्या तारा. तिथं हे जमणार न्हाय, हे त्यांनीच सांगितलं होतं. म्हणजे जे काय उडायचं ते शिमग्याच्या आत. शिमगा गेला की आमच्याकडं सकाळपासूनच खाडीवरून वारा चढतो, मग छत्री उघडायची पण सोय न्हाय.

आमच्यात दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. एक म्हणजे विचारणं. जो उडणार तो पंखा बांधल्यावर बाकीच्या प्रत्येकाकडं तोंड करून विचारणार, "जाऊ?" प्रत्येकानं म्हणायचं, "जा." एकानं जरी "नको" म्हटलं तर त्यानं पंखा सोडायचा. का नको, हे विचारायचं न्हाय. चाचानं एकदा डॉक्टरला नको म्हटलं होतं. डॉक्टर रात्रभर दवाखान्यात जागा होता आणि डोळे लाल होते. डॉक्टरनं मुकाट्यानं पंखा सोडला आणि बांधावरच झोपून गेला. मी दुपारी चाचाला विचारलं, का नको म्हटलंस, तर म्हणाला, "मियाँ, वजह पूछोगे तो बहस होगी. बहस में जो जीतेगा वो उडेगा."

दुसरी गोष्ट छत्रीची. दुसरीकडं कुठं उतरायची वेळ आली, तर उतरल्या उतरल्या छत्री गोळा करायची. वरून बघणाऱ्याला गाठोडं दिसलं म्हणजे माणूस ठीक हाय. छत्री पसरलेली दिसली, म्हणजे माणसाला लागलंय, या. हे डॉक्टरनं मला इतक्यांदा सांगितलं होतं, की माझ्या पोरालाही पाठ झालं होतं.

मास्तरांनी पहिल्यांदा उडायचा रविवार ठरला. नेमकी त्याच दिवशी माझ्या मेहुणीची हळद. सासुरवाडी कशेळीच्या अंगाला, खाडीकाठी. बायको आदल्या दिवशीच गेलेली, माझा मोबाइल पण तिच्याकडं. मला सांगून गेली होती, सकाळी मांडवाचे बांबू धरायला या. आता जो माणूस उडतो त्यानं रिक्षातून सासुरवाडीला जायचं का? मला ते पटेना.

पहिला डॉक्टर वर गेला, हवा बघायला. मग मी. विचारलं, "मास्तर, जाऊ? चाचा, जाऊ?" दोघं म्हणाले जा. कुठं जातो हे मी सांगितलं न्हाय. म्हणालो, एक फेरी मारून येतो. माझ्यानंतर मास्तरांचा नंबर. ते डॉक्टरचा जुना पंखा पाठीवर घेऊन उभे होते, आणि त्यांची निळी छत्री मागं इस्त्री केल्यासारखी अंथरलेली.

मी खाडी धरून कशेळीकडं निघालो. खाली रस्त्यावर ट्रेलर मुंगीसारखे अडकलेले. मला राजासारखं वाटत होतं, आणि मला राजासारखं वाटायला लागलं की जवळपास कोणाचं तरी नुकसान होतं. सासुरवाडीच्या घरामागच्या खाचरात उतरलो. सगळी पोरं धावत आली, बायका आल्या, मांडव सोडून बांबूवाले आले. सासू पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "जावय आभालातून आलं गो. शेजारनीचा जावय नुसता बुलेटवं येतो."

बायको मागून म्हणाली, "अवो, बांबू धरायला बोलावलं होतं, लटकायला न्हाय."

आता छत्री गोळा करायची. हात लावला पण होता. तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, केवढी हाय हो ती, पूर्ण दाखवा की. माझी छत्री लाल-पिवळी. मी ती गोळा करायच्या ऐवजी नीट पसरली. कोपरे ओढून ओढून पसरली. पोरं भोवती गोल करून उभी राहिली, आणि मी मांडवात जाऊन पोह्याच्या ताटावर बसलो.

डॉक्टर मागून शोधत आला होता. मला मांडवात त्याच्या पंख्याचा आवाज आला, पण मी समजलो मला बघायला आलाय, म्हणून पोह्याच्या चमच्यानं हात केला. मांडवाच्या कापडाखालून. त्याला वरून काय दिसलं, तर पसरलेली छत्री, तिच्याभोवती माणसांचा घोळका, आणि माझा पत्ता न्हाय. तिथं उतरायला त्याला धीर होईना, एका अंगाला तारा, आणि आता खाचर माणसांनी भरलेलं. त्याच्याकडं आणि चाचाकडं वॉकीटॉकीची जोडी होती. त्यानं वरूनच सांगितलं, शेठ पडला, कशेळीच्या अलीकडं, खाडीकाठी.

इकडं मास्तरांनी धावायला पाय उचलला होता. चाचा पुढं होऊन आडवा आला. मास्तरांनी पंखा सोडला, छत्री होती तशी टाकली, आणि दोघं चाचाच्या स्कूटरवर निघाले. रस्त्यावर ट्रेलर हलेना. मास्तर म्हणाले, बांधावरून चालत जवळ पडेल. खाडीचं पाणी अडवणारा खारबांध संपला तिथं चिखल. चिखलात बूट रुतला तो निघेना, म्हणून मास्तरांनी दोन्ही बूट तिथंच ठेवले आणि अनवाणी धावले. खाडीच्या चिखलात कालवं असतात. शिंपले म्हणा हवं तर, पण धार वस्तऱ्याची.

मी दुसऱ्यांदा पोहे घेत होतो. समोरून मास्तर आले. इन केलेला शर्ट बाहेर आलेला, गुडघ्यापर्यंत काळे, आणि डावा पाय टेकेल तिथं मांडवातल्या सारवलेल्या जमिनीवर लाल. मला बघून ते थांबले. मला वाटलं आता शिवी देतील. दिली असती तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

ते म्हणाले, "लागलं का रे कुठं?"

माझ्या तोंडात पोहे. मी मान हलवली. न्हाय.

चाचा मागून धापा टाकत आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, वॉकीटॉकी तोंडाला लावली आणि म्हणाला, "डॉक्टर, जिंदा है. नाश्ता कर रहा है."

मास्तर हसायला लागले. हसता हसता खाली बसले, तेव्हा तळवा वर आला आणि माझ्या सासूनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरनं त्याच्या दवाखान्यात टाके घातले. भिंतीवर हत्ती, ससे. पाळण्यातली पोरं बाहेर रडत होती. डॉक्टर म्हणाला, "मास्तर, रडला नाहीत तर चॉकलेट." मास्तरांनी चॉकलेट घेतलं आणि मला दिलं. म्हणाले, "डॉक्टर, यालाच पाहिजे ते. याचा चेहरा बघा."

त्यानंतर मी रोज त्यांना गाडीवर बसवून ड्रेसिंगला न्यायचो. घरून खाडीची मासळी घेऊन जायचो. बाई ओट्यापाशी उभ्या राहून चहा करायच्या आणि त्यांनी एके दिवशी मला काय सांगावं. "तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही त्या दिवशी पडला नसतात, तर हे उडाले असते."

मी म्हणालो, "बाई, मी पडलो नव्हतो."

"तेच ते," बाई म्हणाल्या. "साखर कमी आहे का?"

मला तो चहा घशाखाली घालताना जेवढा त्रास झाला, तेवढा खाचरात तोंडावर पडताना झाला न्हाय.

चाचानं त्याच्या कारखान्यातल्या मेकॅनिककडून लोखंडाची तीनचाकी गाडी बनवून आणली. बसून पंखा लावायचा, चाकांवर पळायचं, धावायची गरज न्हाय. आम्ही ती मास्तरांच्या दारात नेली. मास्तरांनी तिच्यावर बसून बघितलं, चाचाच्या दाढीला हात लावला, आणि म्हणाले, "चाचा, फार सुंदर आहे. पण बसून जायचं असतं तर मी एसटीनं गेलो असतो. दोन वर्षं मी धावायलाच शिकलो रे."

चाचा म्हणाला, "ठीक है. पैर ठीक करो फिर."

रविवार जायला लागले. डॉक्टर आणि चाचा पण उडायचे न्हाईत. कोणी तसं ठरवलं नव्हतं. शेतावर यायचे, खिमा-पाव खायचे, वारा बघायचे आणि जायचे. मी म्हटलं, "तुम्ही तरी उडा. का मला शिक्षा देताय?" डॉक्टर म्हणाला, "शेठ, सगळं तुझ्याबद्दल नसतं. मास्तर गेले की पुढच्या वर्षी उडू." म्हणजे माझी चूक, आणि जमिनीवर चौघं.

शिमग्याच्या आधीचा रविवार आला. मास्तर बूट घालून आले, नवे. सकाळी डॉक्टरनं जखम बघितली, भरली होती. मास्तर शेतात चालून दाखवत होते, वळून, परत येऊन. चाचानं त्यांची निळी छत्री अंथरली, एकेक दोरी हातातून सोडली. माझ्या बायकोची जुनी साडी बांबूला बांधलेली असायची, वारा बघायला. ती साडी थोडी इकडं, थोडी तिकडं. मोठं काय न्हाय.

मी मास्तरांना पंखा चढवायला मागून धरला होता. पट्टे आवळले. पंख्याचं वजन त्यांच्या खांद्यावर सोडलं, आणि तेव्हा मला दिसलं. ओझं नव्हतं तोवर ते नीट चालत होते. वजन आल्यावर डावा पाय पूर्ण टेकेना. बाहेरच्या कडेवर उभे राहिले. अगदी थोडं. चित्रकलेचा मास्तर, रेघ कशी लपवायची ते त्यांना माहीत होतं.

मला दिसलं का खरंच? दिसलं असं मला वाटतं. पण गेले कित्येक दिवस मी त्या पायाशिवाय दुसरं काय बघितलंच नव्हतं. भाकरी थापताना बायकोच्या हातात मला तो पाय दिसायचा. आणि मनात हे पण होतं, की आज हे धावताना पडले, पंखा पाठीवर घेऊन पडले, तर मला गावात कुठं तोंड दाखवता यायचं न्हाय. आता यातलं पायामुळं किती आणि माझ्या तोंडामुळं किती, हे मला तेव्हाही वेगळं करता आलं न्हाय आणि आजही येत न्हाय.

मास्तर वळले. "डॉक्टर, जाऊ?"

"जा, मास्तर."

"चाचा, जाऊ?"

"बिस्मिल्लाह करो."

मग माझ्याकडं. डोळे असे, की लग्नात मुलीला निरोप देताना पण मी त्यांचे तसे बघितले नव्हते. "शेठ, जाऊ?"

मी आयुष्यात कोणाला नको म्हटलेलं न्हाय. म्हणूनच माझी अर्धी जमीन गोदामाची हाय.

मी म्हणालो, "नको, मास्तर."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. चाचा साडीकडं बघायला लागला. मास्तर तसेच उभे. मला वाटलं विचारतील. माझ्याकडं उत्तर तयार होतं, पायाच्या कडेचं. एकदा विचारलं असतं तर मी सगळं सांगून मोकळा झालो असतो, आणि डॉक्टरनं परत पाय बघितला असता, आणि जे काय व्हायचं ते त्याच्या डोक्यावर गेलं असतं.

मास्तर म्हणाले, "बरं." आणि छातीवरचा पट्टा सोडला.

त्यानंतर वारा असा बसला, की साडी बांबूला चिकटून राहिली, मग हळूच एकाच दिशेनं फुगली आणि तशीच राहिली. पूर्ण हिवाळ्यात तशी हवा मिळाली नव्हती. दूध सांडलं तरी थेंब उडणार न्हाय अशी. चौघांना दिसत होतं. मी म्हणालो, "चाचा, खिमा गरम हाय का?" आणि कोणी हसलं न्हाय.

मास्तर छत्रीजवळ उकिडवे बसले. मला वाटलं आता घडी करतात. मी पलीकडून कोपरा धरला. ते म्हणाले, "राहू दे. टाकीत पेट्रोल आहे. तू जाऊन ये."

"मी?"

"मग काय ती म्हैस? दोन वर्षं तिला नुसती उभी करतोय मी." हात छत्रीवर. "ती तरी जाऊ दे एकदा वर."

मी म्हटलं डॉक्टर नेईल, चाचा नेईल. ते म्हणाले, "डॉक्टरचा हात जड आहे आणि चाचाचं पोट. तू जा."

त्यांनीच पंखा माझ्या पाठीवर चढवला. मी डॉक्टरकडं तोंड केलं आणि विचारलं, "जाऊ?" मनात म्हणत होतो, नको म्हण. माझे डोळे लाल हायत म्हण, माझं नशीब वाईट हाय म्हण, काय पण म्हण.

"जा," डॉक्टर म्हणाला.

"चाचा?"

"जाओ."

"मास्तर?"

मास्तरांनी माझ्या खांद्याचा एक पट्टा सैल होता तो ओढून बसवला. मग मागं सरले. "जा," म्हणाले.

मी धावलो. निळी छत्री माझ्यासारख्याच्या हातातही अशी उभी राहिली, की मला काही करावंच लागलं न्हाय. त्यांनी शिकवलेली होती. पाय सुटले. शेत खाली गेलं, गोदामाचे पत्रे आले, पलीकडं खाडी.

वळून परत शेतावर आलो तर मास्तर खाली बांधावरून चालत होते, मान वर करून, छत्रीच्या सावलीबरोबर. मला त्यांचा पाय बघायचा होता. ते लंगडताना दिसले असते, तर मी बरोबर होतो. मी आणखी खाली आलो, परत फिरलो, परत बघितलं. वरून माणूस नुसता चालताना दिसतो. त्याचा पाय कसा पडतो ते दिसत न्हाय.